ओरडण्याची चौकट

माझा धाकटा भाऊ भात जेवतो. चंद्रपूरकडच्या आमच्या मूल तालुक्यात सगळेच भात जेवतात, तेव्हा यात लिहिण्यासारखं काय, असं कुणी विचारील. पण मागच्या वर्षी तो फक्त भात जेवायला लागला. आधी ठेचा सुटला, मग भाजीतलं तिखट, मग भाकर. शेवटी वरणसुद्धा कोमट करून, चमच्याने. त्याची बायको मला म्हणाली, "बाई, तुमी बोलून पाहा. माह्यं ऐकत नाई."

मी त्याला विचारलं.

"तोंड आलं, दुसरं काय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

तो दहावीपासून खर्रा खातो. ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन तळहाताने घोटतात, घोटून घोटून एकजीव करतात आणि पुडी बांधून देतात. यातल्या सुगंधी तंबाखूवर बंदी आहे. ती आहे हे पानठेल्यावरच कळतं, कारण बंदीमुळे भाव वाढला असं ठेलेवाला सांगतो. आमच्या दोन जिल्ह्यांत व्यसन म्हणजे दारू. गडचिरोलीत ती बंद आहे, चंद्रपूरला मध्ये काही वर्षं बंद होती आणि पुन्हा सुरू झाली, त्यामुळे तिच्यावर बोलायला सर्वांकडे मुद्दे असतात. खर्र्याला मात्र कुणी व्यसन म्हणत नाही. मी दारूबंदीच्या एका सभेला गेले होते, तिथे ठराव मांडणाऱ्या गृहस्थांनी आधी खिडकीशी जाऊन तोंड मोकळं केलं आणि मग ठराव मांडला.

भावाचं फ्लेक्सचं दुकान आहे. पूर्वी तो पेंटर होता, दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागचे मोर रंगवायचा. फ्लेक्स आल्यावर ब्रश ठेवून तो संगणकासमोर बसला आणि पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करू लागला. गावातले लोक त्याला अजून पेंटरभाऊ म्हणतात. रविवारी सकाळी या दुकानात आम्ही चारजण जमतो. तो, मी, धानाच्या गिरणीचे एक मॅनेजर आणि गणिताच्या शिकवण्या घेणारी एक तरुण मुलगी, जिला आम्ही मॅडम म्हणतो. आम्ही कॉमिक्सवर बोलतो. डोंगर उचलणारे, भिंतीतून आरपार जाणारे, अंगाला चिकटलेले कपडे घालणारे वीर ज्यात असतात, ती कॉमिक्स. मी आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होते आणि गंभीर पुस्तकांबद्दल गंभीर माणसं काय बोलतात ते पुष्कळ ऐकलं आहे. त्यापेक्षा हे बरं.

आम्हा भावंडांना हा नाद आलापल्लीला लागला. वडील वनखात्यात होते, सागाच्या डेपोजवळ क्वार्टर होतं. चंद्रपूरहून येणाऱ्या एसटीचे एक कंडक्टर भाड्याने कॉमिक्स आणायचे. एका फेरीला द्यायचे, पुढच्या फेरीला परत न्यायचे. अडचण एवढीच की ते अंक क्रमाने आणत नसत. एका अंकात वीर विषारी धुरात कोसळलेला असायचा आणि पुढचा अंक कधीच यायचा नाही. तो पुढे कसा वाचला हे आम्ही झाडाखाली बसून आपले आपणच ठरवायचो. भाऊ वहीच्या मागच्या पानावर ते काढायचा. चित्रकार झाला तो तिथे.

त्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मॅडमने फोनवर एक इंग्रजी मालिका आणली होती. पाठीत मार लागलेला एक उडणारा वीर दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांच्या आहारी जातो. मालिकेपेक्षा तिच्यावरची चाहत्यांची भांडणं मोठी होती आणि मॅडम ती आम्हाला वाचून दाखवत होती. एका पक्षाचं म्हणणं, हे आमच्या वीराचं चारित्र्यहनन आहे. दुसरा पक्ष म्हणे, केवढं हे धाडस. तिसरा पक्ष फक्त एवढंच विचारत होता की मागच्या अंकात गोळ्यांची बाटली निळी होती ती आता हिरवी कशी. हा तिसरा पक्ष सगळ्यात चिवट होता.

मॅनेजर पहिल्या पक्षाचे. "आपला माणूस असा नाई," ते म्हणाले. "तो डोंगर उचलते. त्याले गोळी सुटत नाई का?"

"डोंगर उचलणं सोपं आहे मॅनेजर," मॅडम म्हणाली. "डोंगर रोज सकाळी उठून 'घे ना भाऊ' म्हणत नाई."

"तुमी दोन बुकं जास्त शिकल्या म्हणून काही बोलता."

असं म्हणत मॅनेजरनी हातातली पुडी उघडली, एक चिमटी आपल्या गालात ठेवली आणि पुडी भावापुढे केली. भावाने चिमटी घेतली. घेताना त्याचे ओठ जेमतेम विलगले, जसं पोस्टाच्या पेटीचं झाकण. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

अशी कॉमिक्स मी बरीच वाचली आहेत आणि त्यांचा साचा मला पाठ आहे. बहुधा मुख्य वीर व्यसनात पडतच नाही. त्याचा मित्र पडतो, म्हणजे वीराला दुःखी होता येतं. पदार्थाला नाव नसतं, पण तो अंधारात चमकतो. तो विकणारा दुष्ट असतो आणि त्याला तळघर असतं. सोडण्याचं प्रकरण एका पानात उरकतं: बंद खोली, बाहेर वीज, अंगावर घाम, आणि मग पानभर मोठी ओरडण्याची चौकट, जिच्यात तोंड इतकं उघडलेलं असतं की पडजीभ दिसावी. पुढच्या पानावर सकाळ. पुढच्या अंकात तो पुन्हा उडतो आणि कुणी त्याला विचारत नाही की बाबा, आता कसं वाटतं. या सगळ्यात मला नेहमी एकच गोष्ट खोटी वाटत आली. विकणारा दुष्ट नसतो. आमच्या भावाला खर्रा देणारा ठेलेवाला दुकानाला लागूनच बसतो, भावाच्या बायकोला ताप आला तेव्हा त्यानेच रिक्षा आणली होती. आमच्याकडे खर्रा कुणी गळी उतरवत नाही. पाहुण्याला पाणी देतात तसा तो देतात, आणि नाही म्हणणाऱ्याला पाण्याला नाही म्हटल्यासारखं पाहतात.

त्याच सुमारास एका संस्थेने भावाला काम दिलं. व्यसनमुक्तीचं प्रदर्शन भरवायचं होतं आणि मुलांसाठी सोळा पानांचं एक कॉमिक हवं होतं. संस्थेचे गृहस्थ दुकानात आले, खुर्ची पुसून बसले आणि म्हणाले, "वीर आपल्या मातीतला पाहिजे. शेवटी विजय पाहिजे. आणि व्यसन खर्र्याचं घ्या, सध्या त्याच्यावर भर आहे."

भावाने तोंडातला खर्रा गालाच्या एका बाजूला सरकवून होकार दिला.

त्याने वीर चांगला बनवला होता. दिवसा गिरणीत धानाची पोती उचलणारा हमाल, संकटात मुखवटा चढवणारा. झगा सागाच्या वाळक्या पानाच्या रंगाचा. खर्र्यामुळे त्याची शक्ती जाते आणि तो स्वतःला गोदामात कोंडून घेतो. साच्याप्रमाणे पुढे ओरडण्याची चौकट. तिला एक पूर्ण पान दिलं होतं. रविवारी त्याने ते पान आमच्यासमोर ठेवलं.

मॅनेजरनी चष्मा लावला, पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"पेंटरभाऊ, हा ओरडून राह्यला का शिट्टी वाजवून राह्यला?"

आम्ही हसलो. भाऊही हसला.

"डोळ्यात दुखणं आहे," मॅडम म्हणाली. "छाती पण बरोबर फुगली आहे. तोंडच नाई उघडलं. तोंड मोठं करा सर, अजून मोठं."

"अहो, आरशात पाहून काढलं न मी. जसं दिसलं तसं."

चित्रकार असे भाव आरशात पाहून काढतात. त्याच्या टेबलावर न्हाव्याकडे असतो तसा एक हातआरसा कायम असतो. पुढाऱ्यांखेरीज ज्यांचे ज्यांचे चेहरे त्याने आजवर काढले, ते राग, आनंद, आश्चर्य सगळे त्याच्याच चेहऱ्याचे आहेत. तो आरसा त्याने आता उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि "आ" केलं. आवाज मोठा आला. तोंड तेवढंच राहिलं. त्याने पुन्हा केलं. मग पान आरशाशेजारी धरलं. चित्र हुबेहूब होतं.

भिंतीपलीकडे ठेलेवाला पन्नीवर घोटत होता, त्याचा घासल्याचा आवाज येत होता.

"मिशीमुळं बरोबर दिसत नाई," भाऊ म्हणाला.

"हो, मिशी आड येते," मॅनेजर घाईने म्हणाले, आणि आपली पुडी त्यांनी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर भावाच्या चेहऱ्यावर मिशी नव्हती. कॉलेजात असल्यापासूनची मिशी. वडील गेले तेव्हा काढली होती, त्यानंतर आता. वरचा ओठ पांढरट, परका दिसत होता. टेबलावर त्याच तोंडाची चार-पाच नवी चित्रं पडली होती. तोंड सगळ्यांत सारखंच होतं.

"ताई," तो म्हणाला, "चंद्रपूरले जाऊ."

आम्ही एसटीने गेलो. दंतवैद्य बाई तरुण होत्या. त्यांनी त्याला स्वतःचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तीही कुरकुरत. त्यांनी गालाच्या आतून बोट फिरवलं आणि मलाही पाहायला बोलावलं. आतली कातडी पांढरी आणि ताठ झाली होती, वाळलेल्या चामड्यासारखी. एक तुकडा तपासायला पाठवला. त्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी इथे लिहीत नाही. ते सगळ्यांच्या घरी सारखेच असतात. निकाल बरा आला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरचं गाव होतं. गेलेली कातडी पूर्वीसारखी होणार नाही, बाई म्हणाल्या. खर्रा बंद केला तर पुढे बिघडण्याची भीती कमी होईल, आणि व्यायाम केला तर तोंड थोडं मोकळं होईल. व्यायाम असा: आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या. सहन होईल तेव्हा एक काडी वाढवायची.

"किती दिवसात मोकळं होईल?" भावाने विचारलं.

"दिवसांत नाही होत हे," बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्याने खिडकीची काच सरकवली. मग म्हणाला, "आपल्या कॉमिक्समधे एका रात्रीत होते."

"तिथे व्यसन गोळ्यांचं असतं," मी म्हटलं.

त्याने खर्रा सोडला. मी वाट पाहत होते की काहीतरी घडेल. साहित्याने मला तसं शिकवलं होतं. काहीच घडलं नाही. तो ओरडला नाही. त्याला बद्धकोष्ठ झालं, दुपारी झोप यायला लागली, बडीशेप खाऊन खाऊन ती त्याला नकोशी झाली. दातांत काड्या धरून तो संगणकासमोर बसायचा. गिऱ्हाइकाने काही विचारलं की बोटांनी खुणा करायचा. लक्ष लागत नसे. एकदा त्याने एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर विरोधी भावी नगरसेवकाचा फोटो छापला. तो फ्लेक्स बाजारात संध्याकाळपर्यंत लटकत होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघांचे गॉगल सारखे होते.

ज्याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता, ते ठेलेवाल्याकडून आलं. त्याने काही दिवस वाट पाहिली आणि मग भावजयीला दारात गाठलं.

"वहिनी, माह्यं काय चुकलं?"

"काऊन?"

"भाऊ येऊन नाई राह्यले. मोठ्या चौकातल्या ठेल्यावर जातात का? त्याची सुपारी सडकी आहे वहिनी, मी सांगून ठेवतो."

"अहो, त्यायनं सोडला खर्रा."

"असं सगळेच सांगतात," तो म्हणाला, आणि जाताना एक पुडी फुकट देऊन गेला.

आमच्याकडे माणूस पानठेला बदलतो तो काहीतरी बिनसलं म्हणून. सोडतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पुढे त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मांडवात त्याने स्वतःच्या हाताने घोटलेला खर्रा ताटलीत घालून आणला आणि सगळ्या सोयऱ्यांच्या देखत भावापुढे धरला. आता नाही म्हटलं तर वैर जाहीर होणार होतं. मी बायकांच्या बाजूला बसले होते, तिथून मला दिसत होतं. भावाने ताटलीकडे पाहिलं, ठेलेवाल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चिमटी घेतली. ठेलेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भावावर रागावू शकले नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

चिमटीची पुडी झाली. काड्यांचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये गेला. त्याची बायको माझ्याकडे आली नाही, यावरूनच मी काय ते समजले.

काही आठवड्यांनी एका सकाळी तो चितारलेले कागद घेऊन ठेल्यावर गेला. मी दुकानाच्या पायरीवर होते. कॉमिकमध्ये त्याने ठेला काढला होता, टांगलेल्या पन्न्यांच्या माळांसकट, आणि ठेलेवाला काढला होता, हसरा. वीर त्याच्यासमोर आ करून उभा होता, त्याच्या दातांत काड्या होत्या. आत तोंड कसं दिसतं ते शेजारच्या चौकटीत मोठं करून काढलं होतं, पांढऱ्या ताठ पट्ट्यांसकट.

ठेलेवाल्याने हात पुसून कागद घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

"हे माह्या खर्र्यानं झालं?"

"तुह्या एकट्याच्या नाई. आलापल्लीपासून सगळ्यायच्या."

"भाऊ, मंग सांगाचं न तवाच."

"सांगतलं होतं. घरच्यायनं सांगतलं होतं."

ठेलेवाल्याने कागद उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "ठेला बरोबर काढला. पण गिऱ्हाईक एवढे कमी काऊन दाखवले? लोक म्हणतील, याचा चालत नाई."

भावाने तिथेच उभ्या उभ्या पेन्सिलीने आणखी चार गिऱ्हाइकं काढून दिली. त्या दिवसापासून ठेलेवाला त्याला चहा पाजतो. खर्रा पुढे करत नाही. बाकीच्यांना करतो.

कॉमिकची पानं वाढत गेली. ओरडण्याची चौकट त्यातून निघाली. त्या जागी वीर बसलेला आहे, झोपलेला आहे, दातांत काड्या असताना एक म्हातारी त्याला पत्ता विचारते आणि त्याला सांगता येत नाही, असली पानं आली. साखरपुडाही आला. वीर चिमटी घेतो ते पान त्याने सगळ्यात मन लावून काढलं आहे.

संस्थेच्या गृहस्थांनी ते चाळलं. "यात विजय कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "आणि हा पुन्हा खातो? मुलांवर काय परिणाम होईल?" कॉमिक परत आलं. त्याऐवजी त्यांनी भावालाच एक मोठा फ्लेक्स सांगितला: वज्रमुठीखाली चिरडलेली पुडी, भोवती किरणं. भावाने तो करून दिला, किरणंही झकास काढली. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला शाल-श्रीफळ झालं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण थोडक्यात आटोपलं, कारण त्यांना तोंड फार उघडता येत नव्हतं. गाल बघून मी ओळखलं. आता मला ते ओळखता येतं. एकदा ही नजर आली की व्यासपीठाकडे पाहणं अवघड होतं.

कॉमिकच्या झेरॉक्स मात्र आम्ही काढल्या आणि रविवारी वाचल्या. मॅनेजर भडकले.

"मागच्या पानावर सोडला न त्यानं! मंग पुढच्या पानावर खाते कसा? लोकायनं काय समजाचं?"

"सुटला नव्हता, सोडला होता," मॅडम म्हणाली. "आणि त्या आधीच्या पानावर झगा तपकिरी आहे, इथी काळा. तो कसा?"

"झेरॉक्स आहे मॅडम ती," भाऊ म्हणाला.

"मी नाई वाचत जा," मॅनेजर म्हणाले. "पानंच्या पानं नुसता बसून राह्यते. एक मारामारी नाई. वीर आहे का पेन्शनर?"

तरी झेरॉक्स त्यांनी घडी करून पिशवीत घातली. मॅडम शिकवणीला निघून गेली. मॅनेजर उठले, दारापर्यंत गेले, परत आले. भिंतीवरचे फ्लेक्सचे नमुने त्यांनी निरखून पाहिले. बाहेर थंडी होती, ते मफलर बांधून होते.

"पेंटरभाऊ, त्या काड्या कुठी भेटते?"

"कोणत्या?"

"आइसक्रीमच्या. घरी पोट्टे कुल्फी करून राह्यले."

"या थंडीत?"

"पोट्टेच ते. त्यायले काय थंडी अन् काय उन्हाळा."

भावाने ड्रॉवर उघडला आणि रबर लावलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. साखरपुड्याच्या वेळी होत्या त्यापेक्षा आता त्यात दोन काड्या जास्त होत्या. शेजारी त्याने हातआरसा ठेवला आणि मॅनेजरसाठी खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे वळवली.

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप उचलून धुवायला मागे नेले.

"मफलर काढा," मागून भावाचा आवाज आला. "अन् आ करा."